मिस्त्रीमामांना, चारचौघांत

मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असूदे असूदे, चहा ठेवा" म्हणून विषय मिटवता. म्हणून लिहून काढतेय, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं जुनी गाडी शोधणारी माणसं पुष्कळ. ट्रेलर ओढायला जुनी गाडी कशी पारखून घ्यायची, हे तुम्ही आम्हाला दाखवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

तुम्हाला आमचं घर माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. सासूबाईंचे गुडघे, दोन शाळकरी मुलं आणि ह्यांच्या दोन येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून आधी जावा आणि पुढं येझदी या नावानं मोटारसायकली तयार व्हायच्या. 1996 साली कारखाना बंद पडला आणि त्यातल्या दोघी म्हातारपणी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी राहायला आल्या. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, शिवाय कोल्हापूर, गोवा इथले दोस्त मेळावे भरवतात. भर पावसात दोन्ही चालवत न्यायच्या तर दुसरा चालवणारा हवा, आणि मागून सामान घेऊन कुणीतरी यायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. म्हणून ह्यांनी एका मित्राकडून दोन मोटारसायकली बसतील असा ट्रेलर घेतला. ओढायला गाडी नसताना आधी ट्रेलर. यावर मी काही बोलत नाही.

तुमच्याकडं आलो ते "कुठली गाडी घेऊ" हे विचारायला. तुम्ही एकाही गाडीचं नाव घेतलं नाहीत. "ट्रेलरचं आरसी बुक कुठाय?" हा पहिला प्रश्न. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलं जातं, त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि नंबर लागतो, हे तेव्हा कळलं. उद्यमबागेत सांगाल ते वेल्डिंग करून मिळतं, पण घरी जोडलेल्या सांगाड्याला पासिंग कोण देणार? मित्राच्या ट्रेलरचे कागद होते म्हणून पुढं बोलणं झालं. नाहीतर तुम्ही आम्हाला तिथूनच परत लावलं असतंत, खात्री आहे.

दुसरा प्रश्न, "वजन किती?" ह्यांनी अंदाज सांगितला. तुम्ही तो ऐकूनही घेतला नाहीत. तुमच्या जुन्या जीपला ट्रेलर जोडून, वर दोन्ही येझदी, हत्यारांची पेटी आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या टूटी ऑइलचे कॅन बांधून आपण वजनकाट्यावर गेलो. उसाच्या जिल्ह्यात काट्याची वाण नाही. जीप सोडवून एकटा ट्रेलर प्लेटवर ठेवला. पावती आली 510 किलोची.

खरी गंमत पुढं. भुसार दुकानातल्या धान्याच्या काट्यावर तुम्ही लाकडी ठोकळा उभा केलात आणि ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवलंत. काटा वीसच्या आसपास थांबला. तुम्ही नुसती मान हलवलीत. मग पेटी मागून उचलून पुढं, दोन्ही मोटारसायकली वीतभर पुढं, पट्टे पुन्हा आवळले, पुन्हा तोंड टेकवलं. पन्नास. "आता बरं."

कारण तुम्ही सांगितलंत तसं इथं लिहिते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार त्याच्या तोंडावर, म्हणजे गाडीच्या हूकवर यायला हवा. कमी आला तर वेग वाढल्यावर ट्रेलर कुत्र्याच्या शेपटासारखा हलायला लागतो आणि शेवटी गाडीलाच फिरवतो. फार जास्त आला तर गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं, स्टेअरिंग हलकं लागतं आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत लाईट जातो. आणि हे पन्नास किलो गाडीच्या पोटातल्या माणसं-सामानाच्या हिशोबात धरायचे, ट्रेलरच्या नाही. त्या दुकानदारानं आमच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ते जाऊदे.

एवढं झाल्यावर गाडीचा विषय. माझ्या मनात एर्टिगा होती. बहिणीकडं आहे, डिझेल आहे, सासूबाईंना चढायला सोपी. तुम्ही कागद घेऊन दोन आकडे लिहिलेत. जुन्या 1.3 डिझेल एर्टिगाचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, 200 न्यूटन मीटर. जुन्या अडीच लिटर इनोव्हाचाही 200 च. "मग फरक कुठं?" असं तुम्हीच विचारलंत आणि तुम्हीच जमिनीवर बसून खडूनं काढून दाखवलंत. एर्टिगाला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची चासी, आणि ताकद पुढच्या चाकांना. मागं हूकवर भार आला की पुढची चाकं हलकी होतात. चोर्ला घाटाच्या ओल्या चढावर ज्या चाकांनी ओढायचं तीच जागेवर फिरणार. जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ, बोलेरो यांना खाली शिडीसारखी वेगळी चासी आणि ओढ मागच्या चाकांची, म्हणजे हूकवरचा भार ओढणाऱ्या चाकांनाच दाबतो. त्यात एर्टिगा सव्वाबाराशे किलोच्या आसपासची. पाचशे दहा किलोनं उतारावर मागून रेटलं तर तिनं धरायचं कशाच्या जोरावर? शिवाय मारुतीच्या हँडबुकात ट्रेलर ओढू नका अशी कंपनीची स्पष्ट शिफारस असते, ते पान तुम्ही ह्यांना मोठ्यानं वाचायला लावलंत. जी गाडी घ्याल तिच्या हँडबुकातलं ट्रेलरचं पान आधी वाचा, हे तुमचं म्हणणं मी आता भेटेल त्याला सांगते.

इनोव्हा मला अजूनही आवडते. सासूबाईंना तिच्यासारखी दुसरी नाही. पण जुन्या इनोव्हाचा भाव ऐकला की वाटतं माणसं गाडी विकत नाहीत, शेत विकतात. बोलेरो ओढायला चांगली, पण लांबच्या प्रवासात सासूबाईंचे हाल. राहिली स्कॉर्पिओ, 2.2 लिटर एमहॉक इंजिनाची. मागची समोरासमोरची आडवी बाकं उचलून भिंतीला लावली की पेटी, पंप, सुटे टायर, तंबू सगळं आत. त्या आडव्या बाकांवर लांबच्या प्रवासात मुलांना बसवायचं नाही, हे तुम्ही गाडी घ्यायच्या आधीच बजावलंत. पाच माणसं पाच नीट सीटवर, मागं फक्त सामान. सासूबाईंसाठी पायरी लावून झाली.

आता ती पहिली स्कॉर्पिओ. एका एजंटानं दाखवलेली, रंग चकचकीत, सीटकव्हर नवी, किंमत बाजारापेक्षा बरीच खाली. ह्यांचा हात खिशाकडं गेलाच होता. तुम्ही बोनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरून पार शेवटपर्यंत ओढलात. वरचा पट्टा स्वच्छ, पण रोज बाहेर न येणाऱ्या टोकाला तांबूस रेघ. मग सीटखाली बॅटरी मारलीत, रुळांचे नटबोल्ट गंजलेले. शेवटी गाडीखाली शिरून चासीच्या पोकळ पट्टीला पाणी जायला जे भोक असतं त्यात तार घालून उकरलंत. वाळलेला गाळ तुमच्या तळहातावर पडला. मऊ, राखाडी. एजंट फोनवर बोलत बाजूला गेला.

2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत कृष्णा-पंचगंगेला जो पूर आला तो आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. हायवे बंद, घरं पाण्यात, आणि घरांसोबत गाड्याही. त्यातल्या काही धुऊनपुसून अजून बाजारात फिरतात. इंजिन चालतं, पण वायरिंगच्या जोडांत गंज बसलेला असतो आणि तो कुठल्या घाटात बोलेल सांगता येत नाही. हूकला वजन असताना तर नकोच. सीटबेल्ट आणि चासीचं भोक, एवढं तरी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कागदांचं थोडक्यात. आपल्याकडं दर चौकात एमएच-09 दिसते आणि कोल्हापूरची गाडी स्वस्त वाटते. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर नंबर बदलावा लागतो. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला लाइफटाइम टॅक्स, तिकडं भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी अर्ज आणि हेलपाटे. कर्नाटकाचा टॅक्स हलका नाही. तुम्ही हे सगळं किंमतीत मिळवून दाखवलंत आणि स्वस्ताई कुठल्या कुठं गेली. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय इसार द्यायचा नाही, हेही तुमचंच.

शेवटी मिळाली ती केए-23, म्हणजे कर्नाटकाच्याच नंबराची, संकेश्वरकडची, एकाच मालकानं वापरलेली. मालक कन्नडमध्ये बोलत होते, तुम्ही त्यांच्याशी पीकपाण्यापासून सुरुवात केलीत आणि भावावर यायला इतका वेळ लावलात की मला वाटलं सौदा राहिलाच. टायरवरचा चार आकडी कोड तुम्ही माझ्या मुलाला वाचायला शिकवलात, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचवीतलं पोरगं आता गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचं वय सांगत फिरतंय, शेजारी वैतागलेत. क्लच तपासायला हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, पाय सोडलात. इंजिन खटकन बंद पडलं. ओढत राहिलं असतं तर प्लेट गेलेली, आणि ट्रेलरवाल्याची पहिली प्लेटच जाते. मग मालकासकट सगळ्यांना बसवून वंटमुरी घाट. वर पोचल्यावर गाडी चालू ठेवून टेंपरेचरचा काटा बघत बसलात. आम्ही बाहेर भुईमुगाच्या शेंगा खात होतो, तुम्ही आत काटा बघत होतात.

हूक बसवतानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. बंपरला जोडून देतो म्हणणारे दोघंतिघं भेटले. तुम्ही चासीच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टनं कसलात, चासीवर वेल्डिंगची ठिणगी पडू दिली नाहीत, आणि ट्रेलर ज्यावर अडकतो तो हूकचा गोळा काढता येईल असा ठेवलात. ट्रेलर नसताना तो मागं बाहेर राहिला तर दुचाकीवाल्याच्या नडगीला लागतो, म्हणून काढून डॅशबोर्डात. ह्यांनी एकदा कंटाळा केला तेव्हा मी तुमचं नाव घेतलं, लगेच उतरून काढला.

आणि पैसे. तुम्ही तपासणीचे पैसे पहिल्याच दिवशी सांगितलेत आणि घेतलेत. "एजंटाकडनं घेत नाही, म्हणून तुमच्याकडनं घेणार." फुकट मदत करणारे मला भेटले होते. गाडीला नाही म्हणायची वेळ आली की ते गप्प बसायचे. तुम्ही गाळ दाखवलात.

ट्रेलर जोडून रिव्हर्स घ्यायचं तुम्ही आधी मला शिकवलंत, ह्यांना नंतर. रविवारी मोकळ्या मार्केट यार्डात. हात स्टेअरिंगच्या तळाला धरायचा, आणि ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्यायचा. बाकी विचार करायचा नाही. ह्यांचा ट्रेलर अजून वाकडा जातो, माझा सरळ जातो. हे वाक्य त्यांनी वाचावं अशी इच्छा आहे.

एक काम राहिलंय. ट्रेलरच्या उजव्या चाकाचं बेअरिंग हाताला गरम लागतं, डावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात आणते. पैसे आधी सांगा.

तुमची,
शहापूरची येझदीवाल्यांची सून