पाचवी चिमणी

बेळगाव,
रविवार संध्याकाळ

प्रिय सखे,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. मिरजेच्या मंडळीनं शेवटी संडे स्कूल तुझ्या गळ्यात घातलंच म्हणायचं! बरं झालं. गाणी तू बसवशीलच, त्याची मला काळजी नाही. तुझा खरा प्रश्न त्या 'मी ढ आहे' म्हणणाऱ्या पोराचा. प्रत्येक माणूस देवाला मोलाचा आहे, हे त्याच्या गळी कसं उतरवायचं?

एक कर. 'तू ढ नाहीस, हुशार आहेस' असं त्याला मुळीच सांगू नकोस. पोरं वस्ताद असतात, खोटी स्तुती लगेच ओळखतात. शिवाय हुशार असेल तरच मोल, हा हिशेब तसाच राहतो. तू फक्त त्याचे मार्क वाढवून दिलेस. बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय उघड. देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं ते 27 व्या वचनात, आणि त्याच्यावर काम सोपवलं ते 28 व्या. पोरांकडून दोन्ही वाचून घे आणि आधी काय झालं, मग काय झालं, एवढंच विचार. माणसानं अजून काडीसुद्धा हलवलेली नसते, तेव्हाच तो प्रतिरूपात असतो. यापायी पाठांतराची बक्षिसं मी बंद केली. काही आया अजून माझ्यावर फुरंगटून आहेत. असू देत.

लहान वर्गाला मी चिमण्यांचा धडा देते. मत्तय 10 मध्ये दोन चिमण्या एका दमडीला, आणि लूक 12 मध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. दोन्ही भाव फळ्यावर लिहिले आणि गप्प उभी राहिले. गणपत गल्लीत आईबरोबर भाजीला जाणारी पोरं ती!

"बाई, दोन दमड्यांना चारच येतात की. पाचवी वर दिलेली."

"मग तिचे पैसे?"

"काय नाही. फुकट."

ते नाणं म्हणजे रोमी राज्यातल्या एका दिवसाच्या मजुरीचा सोळावा हिस्सा. एवढ्याशा नाण्यातसुद्धा जिचा भाव धरला नाही ती पाचवी, आणि येशू म्हणतो की त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. नंतर वहीत चिमण्या काढायला सांगितल्या. एका मुलीनं चार चिमण्या पेन्सिलीनं उरकल्या आणि पाचवीला लाल रंग देऊन गळ्यात मण्यांची माळ काढली. मी काहीच समजावत बसले नाही.

मोठ्या वर्गाला याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय, तोही वाचण्याआधी करून दाखवायचा. एका पोराच्या बोटात चॉकलेटच्या सोनेरी कागदाची अंगठी घातली, दुसऱ्याला मळका शर्ट दिला. बाकीच्यांना म्हटलं, दोघं उपासनेला आलेत, बसवा. अंगठीवाल्याला "या साहेब, बसा" करून माझीच खुर्ची दिली. मळक्या शर्टाला "ए, तिकडं चपलांजवळ बस जा." मग वचन वाचायला लावलं. अंगठी, मळके कपडे, 'तू इथं बस, तू तिथं उभा राहा', सगळं तंतोतंत! पोरं एकमेकांकडं बघायला लागली. चपलांजवळ बसलेला म्हणाला, "बाई, त्याला अहो म्हणाले आणि मला अरे." एक मुलगी म्हणाली, "आपल्या लग्नातपण असंच करतात की." यावर बाईंनी काय बोलावं, सांग! आपण कचरागाडीवाल्याला, भांडीवालीला कसं हाक मारतो ते घरात बसून ही पोरं ऐकतच असतात. तुझा वर्ग आठवड्यातून तासभर, आणि हा वर्ग रोज दिवसभर.

आमच्याकडं आणखी एक गोष्ट आहे, ती तुला मिरजेत लागणार नाही. 1 नोव्हेंबर आला की एका घरात कर्नाटकाचा राज्योत्सव, शेजारच्या मराठी घरात त्याच्या निषेधाचा काळा दिन. त्यानंतरच्या रविवारी ते सगळं वर्गात येतं. "खरं बाई, तो कानडी आहे की!" मराठीसाठी मोर्चात चालणाऱ्या घरातली मी; आपल्या भाषेचा हक्क मागू नका, असं मी पोरांना कधीच सांगणार नाही. पण 'कानडी' ही शिवी म्हणून आली की वर्ग थांबतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, जमलेल्या प्रत्येकानं देवाची कामं आपापल्या भाषेत ऐकली, कुणाला आधी दुसऱ्याची भाषा शीक असं सांगितलं नाही. तेव्हा आमच्या वर्गात प्रार्थना ज्याला जशी येते तशी होते.

मोठ्यांना आपले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजीही सांग. 1831 साली बेळगावातच जन्मले, 1854 साली बाप्तिस्माही इथंच घेतला, आणि 1857 मध्ये विधवांच्या हालांवर कादंबरी लिहिली. आपल्या गावचा माणूस म्हटल्यावर आमची पोरं कान टवकारतात.

अवघड प्रश्न मात्र तयारीशिवाय येतो. परवा एकानं विचारलं, "दारू पिऊन आईला मारणारा बापपण मोलवान काय?" वर्ग चिडीचूप. मी हो म्हटलं. आणि लगेच पुढचंही म्हटलं, की आईसुद्धा तेवढीच मोलाची, म्हणून तिला मारणाऱ्या हाताला अडवायचंच. देवाच्या प्रतिरूपाला शिवी देणंसुद्धा याकोब चालवून घेत नाही, मग मार कुठला? क्षमेचा विषय त्या दिवशी मुद्दाम काढला नाही. घाईनं सांगितलेली क्षमा पोरांना 'गप्प बस' अशीच ऐकू येते. फळ्यावर 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर लिहिला, आणि तास सुटल्यावर पाळकबाईंना घेऊन त्याच्या आईला भेटले. त्या घरी आमचं जाणं-येणं आता चालू आहे. तुझ्या वर्गातही असं कुणी निघेल. तेव्हा एकटी जाऊ नकोस, कुणालातरी बरोबर घे.

पुढच्या महिन्यात दादाकडं मिरजेला येणार आहे. कुंदा आणते. तुझ्या त्या पोरानं 27 आणि 28 वाचून काय म्हटलं ते तोवर कळव. आणि रंगीत खडू हवे असतील तर लगेच फोन कर, इकडं रविवार पेठेत घाऊक भावात मिळतात.

तुझीच,
बेळगावची बाई