ड्रोनच्या जोडीला पहाटेचे नमुनेही हवेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पंचगंगेला काळे पाणी आले किंवा तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडला, की ड्रोनने पाहणी करण्याची मागणी हल्ली लगेच पुढे येते. मागणी रास्त आहे. मात्र ड्रोनला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे न पाहता ती मान्य झाली, तर हाती चित्रफितींखेरीज फारसे काही लागणार नाही.

जलपर्णी कोठवर पसरली आहे, नाल्याचे पाणी नदीत कोठे शिरते आणि कोणत्या काठाने पुढे सरकते, हे ड्रोनमुळे काही मिनिटांत कळते. थर्मल कॅमेरा असेल तर रात्री सोडलेले गरम सांडपाणीही लपत नाही. परंतु पाण्यात विरघळलेला प्राणवायू, अमोनिया किंवा मैलापाण्यातील जिवाणू आकाशातून मोजता येत नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तिचा विषाणू कोणत्याही कॅमेऱ्यात दिसला नसता.

म्हणजे नमुने घ्यावेच लागतात, आणि ते कोणत्या वेळी घेतले यावर पुष्कळ काही अवलंबून असते. शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेही इतर जीवांप्रमाणे तो वापरते. त्यामुळे भर दुपारच्या नमुन्यात जे पाणी बरे ठरते, त्याच पाण्यात पहाटे मासे गुदमरून वर आलेले असू शकतात. (नदी काही कार्यालयीन वेळ पाळत नाही.) स्नानयोग्य पाण्यात दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमच्या आत असावा, असा निकष आहे. बीओडीच्या चाचणीलाच तीन दिवस लागतात. तोवर ते पाणी नृसिंहवाडीच्या संगमावरून कृष्णेत गेलेलेही असेल. प्राणवायू मात्र काठावरच मीटरने मोजता येतो.

माझी सूचना एवढीच, की उसाच्या गळीत हंगामात, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढण्याच्या आदल्या व नंतरच्या दिवशी आणि पहिल्या पावसानंतर ड्रोन पहाटे उडवावा व पथक त्याच वेळी काठावर तयार ठेवावे. संशयित प्रवाह दिसताच त्याच्या वरच्या व खालच्या बाजूचे नमुने घ्यावेत. कारवाईसाठी १९७४च्या जल प्रदूषण कायद्यातील कलम २१प्रमाणे संबंधितांना नोटीस देऊन नमुन्याचे दोन भाग करून ते सील करावे लागतात. ड्रोनचे छायाचित्र त्याची जागा घेऊ शकत नाही. प्राणवायूचा आकडा, ठिकाण आणि वेळ यांसह, त्याच दिवशी नदीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावा, कारण आमच्या भागातील पाणी योजना याच नदीतून पाणी उचलतात.

आपला नम्र,
एक वाचक, शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर