कड्यांना आधी टेकू देणाऱ्या सुतारकाकांचे आभार

आदरणीय सुतारकाका,

सप्रेम नमस्कार.

वरच्या मजल्यावरचा आमचा शॉवर आता रोज वापरात आहे, टाइल्सचा एकही सांधा उललेला नाही आणि खालच्या खोलीत माझे वडील निर्धास्त झोपतात. काम संपले त्या दिवशी मला आपल्याशी धड बोलता आले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आपल्याआधी आलेल्या प्लंबरने सांडपाण्याचा ५० मिमीचा पाइप कड्यांना, म्हणजे मजल्याच्या फळ्यांखालच्या आडव्या लाकडी तुळयांना, आडवा नेला आणि वाटेत येणारी प्रत्येक कडी वरून खाचली. पाइपला मीटरमागे साधारण २० मिमी उतार हवा, त्यामुळे पुढची प्रत्येक खाच आधीच्यापेक्षा खोल होत गेली. शेवटच्या कडीची तर निम्मी उंची गेली, आणि तीही नेमकी मधोमध, जिथे वाकवणारा ताण सर्वांत जास्त असतो. वर फळ्या ठोकल्यावर यातले काहीच दिसेना, पण पाऊल टाकले की जमीन लवायची. त्याला विचारले, तर ‘लाकूड आहे, थोडे लवणारच’ असे म्हणून त्याने बोळवण केली. नंतर बोलावलेल्या कंत्राटदाराने वर सिमेंटचा जाड थर टाकण्याचा सल्ला दिला. दुबळ्या झालेल्या कड्यांवर आणखी वजन चढवायला सांगणाऱ्याच्या हाती लोक आपली घरे कशी सोपवतात, या विचाराने मला आजही संताप येतो.

आपण फळी उचकटलीत, आडवे पडून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलेत आणि खाचेच्या कोपऱ्यातून लाकडाच्या रेषेरेषेने निघालेली बारीक चीर मला नखाने दाखवलीत. आपण फक्त पाहणीसाठी आला होतात. कामाचे ठरले नव्हते, पैशांचा विषयही निघाला नव्हता. तरीही जाण्यापूर्वी आपण गाडीतून दोन टेकू आणलेत, खालच्या खोलीत जमिनीवर जाड फळी टाकून त्यावर ते उभे केलेत, आणि कडीला वर न रेटता नुसती टेकेल इतकेच ते आवळलेत. ‘बाबांची खाट आज रात्रीपुरती दुसऱ्या खोलीत घ्या, बाकीचे नंतर बोलू,’ इतकेच आपण म्हणालात. पुढे झालेले सगळे काम उत्तम झाले, त्याचे पैसेही आपण वाजवी घेतलेत. पण माझ्या मनात घर करून राहिले आहेत ते हे दोन टेकू. काम आपल्याला मिळेल की नाही हे ठाऊक नसताना, खाली कोण झोपते याची चौकशी आपण आधी केलीत.

कडीची उंची निम्मी झाली की त्या जागी तिची ताकद निम्मी नव्हे, चौथाईच उरते आणि ताठपणा तर आठव्या हिश्श्यावर येतो, हे आपण मला न कंटाळता समजावलेत. वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि उंचीच्या मध्यावर ताण सर्वांत कमी असतो, म्हणून भोक पाडायचेच तर मध्यावर पाडावे, हेही आपल्याकडूनच कळले. मी नंतर वाचून पाहिले. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता अखंड लाकडाच्या कडीच्या लांबीच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच घेऊच देत नाही, टोके सोडून इतरत्रही उंचीच्या सहाव्या हिश्श्याहून खोल खाच चालत नाही, आणि भोक उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठे नसावे व दोन्ही कडांपासून किमान ५० मिमी आत असावे, असे सांगते. आपल्या तोंडी हे हिशेब सहज होते, कारण ते आपण आयुष्यभर पाळत आला आहात.

दुरुस्तीचा तपशील येथे लांबवत नाही. जखमी कड्यांना आधारापासून आधारापर्यंत लांबीच्या नव्या कड्या बोल्टने जोडल्या गेल्या आणि पाइप दोन कड्यांच्या मधून, त्यांना समांतर नेला गेला. ट्रॅपसाठी, म्हणजे पाणी धरून दुर्गंधी अडवणाऱ्या पाइपच्या वाकासाठी, एक कडी तोडणे भाग होते, तेव्हा मात्र आपण हात थांबवलात आणि ‘हे माझ्या अंदाजावर नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा’ असे स्पष्ट सांगितलेत. कामात मुरलेला माणूस आपल्या जाणतेपणाची सीमा इतक्या सरळपणे दाखवतो, तेव्हा त्याच्यावरचा विश्वास दुणावतो. अशी माणसे प्रत्येक धंद्यात आहेत, आणि त्यांच्याच भरवशावर बाकीचे आपण निश्चिंतपणे छपराखाली राहतो.

फळ्या पुन्हा बसवण्यापूर्वी आपण प्रत्येक कडीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायला लावलेत. ते छापून घराच्या कागदपत्रांत ठेवले आहेत. यापुढे जो कोणी प्लंबर येईल, त्याने करवत काढण्याआधी ते फोटो त्याच्यासमोर ठेवले जातील.

आपली कृतज्ञ,
शॉवरच्या कामाची घरमालकीण