शाखेची मान्यता फाटकावर लिहिणे सक्तीचे करा

मा. संपादक,

प्रवेशाचा मोसम आला की आमच्या बदलापुरात चौकाचौकांत फलक लागतात : नामवंत शाळेची नवी शाखा, नर्सरी ते दहावी, मर्यादित जागा. त्या शाखेला दहावीपर्यंतची मान्यता आहे का, असली तर कोणत्या पत्त्यावरची, हे मात्र फलकावर कधीच नसते. माध्यमिक शाळेच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी झाली, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. दहावीचे फॉर्म, दाखले, जनरल रजिस्टर हेच माझे काम होते. म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

आमच्या शेजारची मुलगी अशाच एका शाखेत शिकली. शाखेची परवानगी सातवीपर्यंतचीच होती. आठवीपासून तिचे नाव संस्थेच्या दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेच्या पटावर चढवले होते आणि आईवडिलांना याचा पत्ताच नव्हता. दहावीचे हॉल तिकीट हातात आले तेव्हा त्यावर शाळाही तिकडची आणि परीक्षाकेंद्रही तिकडचे. प्रत्येक पेपरला बाप लेकीला घेऊन पहाटे निघायचा. निकाल चांगला लागला. पण दाखला आला तो जिथे ती एक दिवसही बसली नाही त्या शाळेचा.

हॉल तिकिटापेक्षा मला या दाखल्याची जास्त काळजी वाटते. जनरल रजिस्टरात मुलाचे व आईचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण हे सारे एका ओळीत नोंदलेले असते. दाखला त्याच ओळीवरून निघतो. पुढे जात पडताळणीची वेळ आली की समिती रजिस्टरचा उतारा मागते, दक्षता पथक शाळेत येऊन मूळ पान तपासते. माझ्यासमोर अशी कितीतरी पाने उघडली गेली आहेत. मूल शिकले एकीकडे आणि नोंद भलतीकडे, असे निघाले तर विशी-पंचविशीतल्या त्या मुलाने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

शाखा काढण्याला माझा विरोध मुळीच नाही. 1919 साली काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था शाखा काढत काढतच खेड्यापाड्यांत पोहोचली. मीही ज्या संस्थेत होतो तिच्या अनेक शाखा होत्या. पण प्रत्येक शाखेला स्वतःची मान्यता, स्वतःचा मुख्याध्यापक, दहावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाचा स्वतंत्र इंडेक्स नंबर, म्हणजे मंडळाकडचा शाळेचा ओळख क्रमांक, आणि स्वतःचे रजिस्टर असे. साधे स्थलांतर करायचे तरी परवानगीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचा. मान्यता शाळेला मिळते, संस्थेच्या नावाला नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते.

सीबीएसईने 2025 मध्ये शाखा-शाळांची सोय केली, तीही अटी घालून. मुख्य शाळेत सहावी ते बारावी, शाखेत बालवाटिका (पहिलीआधीचे वर्ग) ते पाचवी, आणि दोन्ही एकाच नगरपालिकेच्या हद्दीत. शाखेतून सहावीत जाणाऱ्या मुलाचा तो नवा प्रवेश धरायचा नाही. म्हणजे त्या सोयीखाली शाखेत आठवी-नववी भरवता येत नाही. नियम इतका स्पष्ट असला की पालकालाही जाब विचारता येतो.

आपल्याकडे खरी पळवाट आठवीनंतर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण तो कायदा पहिली ते आठवीचा. नववी-दहावीसाठी माध्यमिक शाळा संहिता आहे, स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा 2012 चा राज्याचा कायदा आहे. परवानगी त्यांतही लागतेच. तरी दिवसागणिक वाढणाऱ्या दंडाची धास्ती नववीच्या वर्गापर्यंत पोहोचावी, असा बदल राज्याने आपल्या कायद्यात करावा.

तोवर शिक्षण आयुक्तांनी एका परिपत्रकाने एवढे तरी करावे. प्रत्येक शाखेच्या फाटकावर मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत, त्या इमारतीचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), मान्यता आदेशाचा क्रमांक व तारीख, मान्यता कितवीपर्यंत आहे ते आणि दहावी असल्यास मंडळाचा इंडेक्स नंबर लिहिणे सक्तीचे करावे. प्रवेशाच्या पावतीवरही हेच छापावे. पालकांनीही फी भरण्याआधी मान्यता आदेशाची प्रत मागावी आणि त्यावरचा पत्ता आपण उभे आहोत त्याच इमारतीचा आहे ना, हे पाहावे. 'मूळ शाखेत आहे, नंतर दाखवतो' असे उत्तर आले तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विचारणेची कुठे नोंद होत नाही.

जी मुले आज अशा शाखांत नववीत बसली आहेत, त्यांची नावे कोणत्या शाळेच्या पटावर आहेत याची तपासणी दहावीचे फॉर्म भरण्याआधीच झाली पाहिजे. फॉर्म एकदा मंडळाकडे गेले की शाळा बदलणे फार जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

– एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, बदलापूर