कोर्टवर घसरणारे बूट, गुळगुळीत झालेली ग्रिप

सर्व बॅडमिंटन सभासदांसाठी :

पाय घसरू लागला की लगेच नवे बूट घेऊ नका. बहुतेक वेळा गम-सोलवर (बुटाच्या रबरी तळावर) धुळीचा थर बसलेला असतो. आधी ओल्या फडक्याने पुसा. भागलं नाही तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे २ थेंब आणि जुना टूथब्रश घेऊन खाचा घासा. सावलीतच वाळवा, उन्हाने रबर कडक होतं. सोल चकाकत असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, चमक जाईपर्यंतच. पेट्रोल, थिनर अजिबात नको, चिकटवलेला सोल सुटतो. खाचाच उरल्या नसतील तर मात्र बूट बदला. गुडघ्याशी खेळ नको.

ओव्हरग्रिप (रॅकेटच्या मुठीवर गुंडाळायची पट्टी) जुनी काढूनच नवी लावा. थरावर थर चढले की मुठीच्या कडा बोटांना लागत नाहीत आणि बॅकहँडला पकड चुकते. वरची प्लास्टिकची पातळ फिल्म सोलून निमुळतं टोक बुडाशी धरा, किंचित ताणत २-३ मिमी एकावर एक येईल अशी गुंडाळा, शेवटी टेप.

हाताला पावडर कोर्टबाहेरच लावा. आणि कृपया, कोर्टचे बूट पिशवीतून आणून इथेच घाला.