नानांचा ड्यूलॅक

प्रिय अविनाश,

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. त्याबद्दल जे बोलायचं ते भेटीत बोल, मी ऐकून घेईन. तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत.

लिहायला बसलोय ते नानांच्या ड्यूलॅकसाठी, म्हणजे उमर खय्यामच्या रुबायातची चित्रकार ड्यूलॅकने सजवलेली त्यांची प्रत. घरच्यांनी पुस्तकं एकगठ्ठा विकली. ज्याने घेतली त्याने रुबायातमधली चित्रं सोडवून, फ्रेम करून विकायला ठेवली आहेत, तुझ्या फोर्टातच. उरलेला सांगाडा, म्हणजे मजकुराची पानं आणि बांधणी, रद्दीच्या भावात मागे पडलाय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, चित्रं शाबूत आहेत ना, मग झालं. तू तसं म्हणणार नाहीस.

1909 साली फिट्झेरल्डच्या, म्हणजे खय्यामच्या चार ओळींच्या फार्सी रुबाया इंग्रजीत आणणाऱ्या कवीच्या, जन्माला शंभर वर्षं झाली आणि त्याच्या अनुवादाच्या पहिल्या आवृत्तीला पन्नास. त्यामुळे लंडनच्या प्रकाशकांची झुंबड उडाली. ड्यूलॅकची वीस रंगीत चित्रं त्याच वर्षी आली, पोगानी या दुसऱ्या चित्रकाराचं पुस्तकही त्याच वर्षी. ही पुस्तकं अशी फाडता येतात याचं मूळ त्या वेळच्या छपाईत आहे. जलरंगातलं चित्र जाळीतून छायाचित्रित करून पिवळा, लाल आणि निळा असे वेगवेगळे ठोकळे करायचे. जाळी दर रंगाला वेगळ्या कोनात फिरवायची, नाहीतर ठिपक्यांवर ठिपके बसून लाटांसारखी नक्षी उमटते. इतका बारीक ठिपका खरखरीत कागदावर टिकत नाही, त्याला चिनी मातीचा लेप दिलेला गुळगुळीत आर्ट पेपर लागतो. मजकूर मात्र जाड, मऊ कागदावर छापायचा. म्हणजे चित्रं वेगळी छापली जाणार, मग जाड पानावर वरच्या कडेने डिंकाची बारीक रेघ ओढून चिकटवली जाणार, आणि त्यांच्यावर पातळ कागद. चित्राला पुस्तकाशी धरून ठेवणारं काय, तर ती डिंकाची रेघ. पातळ सुरी घालून मनगट फिरवलं की काम झालं.

वेडरचं असं करून बघ म्हणावं! (झालं, आला वेडर, असं तू म्हणशील. येणारच.) रोममध्ये राहणाऱ्या त्या अमेरिकन चित्रकाराने 1884 च्या पुस्तकात अक्षरंही स्वतःच रेखाटली आणि रुबाई चित्राच्या आत बसवली. क्रमही बदलला, आपल्या चित्रांच्या ओघाप्रमाणे कडवी पुन्हा जुळवली. त्याचं पान कापलं तर शब्द चित्राबरोबरच जातात. पानापानावर फिरणारा तो भोवरा घे. विखुरलेली द्रव्यं एकत्र येतात, क्षणभर उलटी फिरून थांबतात, तो क्षण म्हणजे आयुष्य, आणि पुन्हा पांगतात, असा त्याचा अर्थ त्याने स्वतःच दिलाय. ज्याने आपली लहान मुलं गमावली त्याने काढलेली ती रेघ आहे. तुला त्यात थडग्याचा वास येतो आणि मला ड्यूलॅकच्या निळ्यात अत्तराचा, हे भांडण आपण मरेपर्यंत चालवू.

मुळात हे काम किती अवघड होतं ते बघ. इराणी चित्रकारांनी फिरदौसीचा शाहनामा रंगवला, निजामीचा खम्सा रंगवला. तिथे गोष्ट आहे, खुस्रौ घोडा थांबवून शिरीनला न्हाताना बघतो, हा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. रुबाई चार ओळींत संपते आणि शेजारच्या रुबाईशी तिचं काही नातं नसतं. हस्तलिखितांत तर त्या यमकाच्या शेवटच्या अक्षरानुसार लावलेल्या असतात. फिट्झेरल्डचा मित्र कॉवेल याला ऑक्सफर्डमध्ये सापडलेल्या 1460-61 च्या प्रतीत अशा 158 आहेत. फिट्झेरल्डने त्यातून आणि इतर प्रतींतून निवडून पहाटेपासून चंद्रोदयापर्यंतचा एक दिवस गुंफला. चित्रकारांना हाताशी मिळाला तो हा दिवस. इराणी चित्रपरंपरेत त्याला नमुना नव्हता, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या घरचा साचा आणला. इंग्रज कवी-कारागीर विल्यम मॉरिसने 1872 मध्ये चर्मपत्रावर स्वतःच्या हाताने लिहून, चित्रकार मित्र बर्न-जोन्सच्या आकृत्या घेऊन, मध्ययुगीन पोथी केली. बंगालच्या अवनींद्रनाथ टागोरांनी कागद रंगवायचा, पाण्यात बुडवायचा, वाळवून पुन्हा रंगवायचा ही जपानी पाहुण्यांकडून उचललेली रीत वापरली. त्यांची बारा चित्रं 1910 मध्ये लंडनला छापून आली. धुतल्याने कडा विरघळतात, आणि त्या विरघळण्यात खय्याम मला सर्वांत जवळचा वाटतो. वेडरपेक्षाही. हे कुंदाताईला सांगू नकोस, तिने तीस वर्षांपूर्वीच म्हटलं होतं.

रुबायातचाच आणखी एक चित्रकार, सलिव्हन, याचं उदाहरण तू माझ्याविरुद्ध काढशील म्हणून मीच काढतो. त्याची 1913 ची रेखाचित्रं लाइन ब्लॉकची, म्हणजे ठिपक्यांविना नुसत्या रेघांच्या ठोकळ्याची, मजकुराच्या खिळ्यांबरोबरच छापता येणारी, तरी त्यातलं एक सुटलंच. सव्विसाव्या रुबाईसमोरचा गुलाबांतला सांगाडा 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टरवर ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या नावाखाली गेला आणि आज टी-शर्टावर फिरतो. एकदा उमललेलं फूल कायमचं मरतं, ही ओळ त्याच्यासमोर होती म्हणून ते गुलाब होते. टी-शर्टवर तो नुसता गुलाबांतला सांगाडा उरतो. नानांच्या वीस चित्रांचं हेच होणार, याने माझी झोप उडाली आहे.

आणि नानांच्या प्रतीत तर आणखी एक गोष्ट आहे, तुला माहीत आहेच. समासात पेन्सिलीने माधव जूलियनांच्या ओळी, 1931 च्या ‘द्राक्षकन्ये’तल्या, आणि कुठे कुठे 1929 च्या मूळ फार्सीवरून केलेल्या रुबायाही. त्या मजकुराच्या पानांवर आहेत, म्हणजे रद्दीत. चित्राआधी सांगाडा ताब्यात घे. घासाघीस करू नकोस, नाहीतर त्या माणसाला वाटेल त्यात काही आहे.

मग चित्रं. दहापट भिंग घेऊन जा. जुन्या ठोकळ्याच्या ठिपक्याला दाबामुळे कडेला शाईचं गडद वळं असतं आणि ठिपके ओळीत बसलेले असतात. इंकजेटची नक्कल असेल तर नुसता विखुरलेला फवारा दिसेल. सगळ्यांची उंची मोज, एखादं आखूड भरलं तर फ्रेममध्ये बसवायला छाटलंय. मागची बाजू दाखवायला सांग. वरच्या कडेला जुन्या डिंकाचा पिवळा पट्टा हवा. उष्णतेने पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असेल तर ते परत बांधता येणार नाही, त्याचा भाव त्याच हिशेबाने धर. चित्र काचेला टेकलेलं दिसलं तर दुकानात उघडू देऊ नकोस, फ्रेमसकट आण. मुंबईच्या पावसाळी हवेत आर्ट पेपरचा लेप मऊ होऊन काचेला धरतो आणि ओढला की रंगासकट निघतो.

पातळ कागद मिळाले तर सोडू नकोस, कोणतं चित्र कोणत्या कडव्यासमोर ते त्यांच्यावरच छापलेलं असतं. नसतील तर क्रमांकाने फसू नकोस. ड्यूलॅकने फिट्झेरल्डची दुसरी आवृत्ती घेतली, 110 कडव्यांची. ‘लिहून पुढे सरकणारं बोट’ हे कडवं पहिल्या आवृत्तीत 51 वं, दुसऱ्यात 76 वं, आणि बाजारातल्या बहुतेक पुस्तकांत 71 वं. दुसरी आवृत्ती उघडून जुळव.

जोडायचं काम तूच करायचंस. फेव्हिकॉल नको, तो पुन्हा सुटत नाही. गव्हाच्या सत्त्वाची घट्ट खळ, वरच्या कडेला फक्त तीन-चार मिलिमीटर, खाली-वर टिपकागद आणि हलकं वजन. पाणी जास्त झालं तर लेप फुगेल. आणि ऑगस्टात अजिबात नको, हवा कोरडी झाल्यावर.

चिन्मयीचा निकाल लागला का? वहिनींचा गुडघा? घराच्या कामाचं नंतर सविस्तर लिही.

पैसे मी पाठवतो, आकडा फक्त कळव. सगळी वीस परवडणार नसतील तर ज्यांच्यासमोरच्या पानावर नानांची पेन्सिल आहे ती आधी. सांगाडा हातात आला की ती पानं कोणती ते तुला दिसेलच, म्हणून तो आधी घे. शनिवारपर्यंत जा.

तुझा,
मोहन