मधपाळ काकांस, मनापासून

काका, सा. न.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘असू दे गं’ म्हणून पावसापाण्याचं काढता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

महाबळेश्वरला मी आले होते झाडांची यादी करायला. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, माश्यांचा अभ्यास डोक्यातही नव्हता. तुमच्या परड्यात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या दिसल्या म्हणून थांबले. तुम्ही जरासा धूर दिलात आणि चौकट अलगद वर उचललीत. पोळ्यावर एक कामकरी माशी पोट थरथरवत सरळ जायची, वळसा घेऊन मागं यायची, पुन्हा तीच रेघ धरायची. चार-पाच जणी तिला मिशा लावून मागोमाग. ‘कुठं फुललंय ते सांगतीय,’ तुम्ही म्हणालात.

कार्ल फॉन फ्रिश यांनी या नाचाचा अर्थ लावला आणि १९७३ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत ते होते, एवढं मी वाचलं होतं. उभ्या पोळ्यावर ती रेघ सरळ वर गेली की फुलं सूर्याच्या दिशेला; उजवीकडं कलली की सूर्याच्या तेवढंच उजवीकडं. थरथर लांबली की अंतर जास्त. हे सगळं पेटीतल्या अंधारात चालतं! त्या दिवशी यादी अर्धवट राहिली.

जाताना तुम्ही बाटली दिलीत. बोटावर थेंब घेऊन म्हणालात, ‘जांभूळ आहे, थोडा गेळा आलाय.’ गेळा म्हणजे तिथलंच एक रानझाड. प्रयोगशाळेत तो मध पाण्यात पातळ करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि तळाचा साका सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बारीक तिकोनी परागकणांची नुसती दाटी. जांभूळच! मधूनमधून गेळाही. मी खुर्चीतून उठलेच. तुमच्या जिभेला जे कळत होतं ते कणाकणानं मोजता येतं, हे दिसल्यावर दुसरा विषय घेणं शक्यच नव्हतं.

पण खरे आभार पावसाळ्याचे. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या त्या डोंगरावर फुलोरा संपलेला, माश्या बाहेर पडू शकत नाहीत, वसाहती साखरेच्या पाकावर तगवायच्या. अशा दिवसांत कुणी पेटीला हात लावू देत नाही. तुम्ही साठवलेल्या परागाचे नमुने घेऊ दिलेत, डोक्यावर छत्री धरून उभे राहिलात. तो खर्च आणि ती जोखीम तुमच्या संसारातली होती. प्रबंधात त्यासाठी रकाना नसतो.

२०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं तेव्हा फार आनंद झाला. तुमच्यासारख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या विद्येला नाव मिळालं.

येत्या जांभळाच्या हंगामात सूक्ष्मदर्शक घेऊन येतेय. हिरडा, पिसा, गेळा, सगळ्यांच्या काचपट्ट्या तयार आहेत. तुम्ही अजून एकदाही भिंगातून पाहिलेलं नाही, यंदा पाहायचंच. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
परागवाली पोर